दानिएल गुरुजींच्या प्रार्थनेला आमेन

दानिएल गुरुजी प्रार्थना करताना डोळे मिटत नसत. बाकीच्यांनी मात्र मिटलेच पाहिजेत, असा त्यांचा दंडक होता. "डोळे मिटा, माथी लववा," असं दरडावून ते स्वतः ताठ उभे राहायचे. मग कुणाची मान खाली नाही, कुणाचं पोरगं चुळबुळ करतंय, कुणाच्या अंगावर नवी साडी आहे, हे सगळं बघत बघत स्वर्गातल्या बापाशी बोलायचे. मी लहानपणी बोटांच्या फटीतून बघायची, म्हणून मला हे माहीत आहे. एकदा आमची नजरानजर झाली. लगेच प्रार्थनेत वाक्य आलं, "आणि हे प्रभू, विजयच्या पोरीला तुझं भय दे."

विजय म्हणजे माझे बाबा. ते गवंडीकाम करतात. आई शाळेत पोरांची खिचडी शिजवते. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. रोज एसटीने केजला जाते. मराठीच्या बाईंनी वर्गात सांगितलं, आयुष्यात भेटलेल्या एका माणसाबद्दल लिहा. सगळ्यांनी चांगली माणसं निवडली. मीही आधी तेच ठरवलं होतं, पण लिहायला बसले की गुरुजीच समोर येऊन उभे राहतात. वडीलधाऱ्या माणसाबद्दल असं लिहावं की नाही, हे मला अजून नीट ठरवता आलेलं नाही. तरी लिहिते.

नांदूरघाट मोठं गाव आहे, पण ख्रिस्ती घरं मोजकीच. पत्र्याचं एक छोटं प्रार्थनामंदिर आहे. पाळकसाहेब, म्हणजे आमचे पाद्री, बीडहून महिन्यातून एकदा येतात. उरलेले रविवार आणि दर गुरुवारची घरप्रार्थना गुरुजींच्या ताब्यात. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी मंडळीचा, म्हणजे आम्हा सगळ्या ख्रिस्ती घरांचा, वर्ग करून टाकला होता. बाबा त्यांचेच विद्यार्थी, त्यामुळे आजही गुरुजी दिसले की बाबांचे हात आपोआप पाठीमागे जातात.

गुरुजींचं आवडतं वाक्य होतं, "प्रभूनं मनात घातलं." प्रभू त्यांच्या मनात फार बारीकसारीक गोष्टी घालायचा. घरप्रार्थनेला ज्याची पाळी असेल त्याच्या दारात ते सकाळीच यायचे. "मार्थाबाई, प्रभूनं मनात घातलं, आज भजी करा म्हणून."

आई म्हणायची, "प्रभूनं बेसन कुठून आणायचं ते न्हाई का घातलं मनात?"

"तुमची थट्टा करायची सवय जाईना बघा. प्रार्थना करतो मी तुमच्यासाठी."

ही धमकी होती. आमच्या मंडळीत "प्रार्थना करतो तुमच्यासाठी" हे ऐकलं की माणूस घाबरायचा. कारण गुरुजींच्या प्रार्थनेत सगळं यायचं. "नाव घेत न्हाई, प्रभू, तू जाणतोस. पण चिंचेखालच्या घरातली एक बहीण, जिचा थोरला लेक परवा बसस्टँडवर पिऊन पडलता, तिला आपल्या लेकाकडं बघायची बुद्धी दे." चिंचेखाली एकच घर होतं. ती बहीण तिथेच मान खाली घालून बसलेली असायची. आणि प्रार्थना चालू असताना मध्ये बोलता येत नाही. डोळे उघडता येत नाहीत, उठून जाता येत नाही. एरवी कुणी असं तोंडावर बोललं असतं तर बाईने त्याची आई-बहीण काढली असती. इथे मात्र शेवटी आमेन म्हणावं लागायचं.

वर आवाज खणखणीत. आवाज चांगला होता, तो मी नाकारत नाही. आमच्या घरासमोर आप्पांचं किराणा दुकान आहे. कपाळावर भस्माचे पट्टे ओढलेला, दिवसभर सुपारी कातरत बसलेला हा म्हातारा शुक्रवारी सकाळी मला हमखास विचारायचा, "काय गं करुणा, काल चिंचेखालच्यांचं कळलं. खरं हाय का?"

"तुम्हाला कसं कळलं, आप्पा?"

"गल्लीला कळलं. तुमचा मास्तर देवाला बहिरा समजतो का काय?"

मला फार लाज वाटायची. आप्पांसमोर नाही, गुरुजींची.

बाबा बांधकामाच्या परांचीवरून पडले तेव्हा मला हा माणूस पुरता कळला. मी तेव्हा नववीत होते. पायाचं हाड मोडलं होतं आणि बाबा घामाने निथळत होते. गुरुजी लगेच आले, हे खरं. त्यांनी बाबांच्या डोक्यावर हात ठेवला आणि प्रार्थना सुरू केली. बायबलातल्या पार अब्राहामापासून सुरुवात केली. बाबा कण्हत होते आणि गुरुजी अजून मिसर देशातच होते. शेवटी आईने मध्येच विचारलं, "गुरुजी, तुमची स्कूटर द्या. पुढच्या गल्लीतल्या पोराला पाठवते, गाडी बघून येईल."

गुरुजी थांबले. "स्कूटरचं सीटकव्हर कालच बदललंय," ते म्हणाले. "आणि पोरांच्या हातात गाडी देणं बरं न्हाई. विश्वास ठेवा, मार्थाबाई."

आई तशीच अनवाणी रस्त्यावर गेली. रशीदभाई टेम्पोत टरबूज भरून बाजाराला निघाले होते. आईने हाक मारली. त्यांनी लगेच टरबूज आप्पांच्या ओट्यावर उतरवले आणि बाबांना केजच्या दवाखान्यात नेलं. त्यांचा त्या दिवशीचा बाजार बुडाला.

पुढच्या रविवारी गुरुजींनी उभं राहून साक्ष दिली. "मी विजयच्या उशाशी प्रार्थना केली, आणि बघा, प्रभूनं टेम्पो पाठवला." लोक म्हणाले, "प्रभूची स्तुती असो." मी हे रशीदभाईंना सांगितलं तेव्हा ते टरबूज कापता कापता थांबले. "मला तर भाभीनं आवाज दिला," ते म्हणाले, आणि मग जरा विचार करून, "पण तुमचे गुरुजी म्हणत असतील तर आसंल बाबा."

आता एस्तेरताईचं सांगते.

एस्तेरताई माझ्या आत्याची मुलगी. आत्या आणि तिचा नवरा दोघंही वारल्यामुळे आमचं घर हेच तिचं माहेर. तिचं लग्न गुरुजींनी जमवलं होतं, चकलांब्याच्या आपल्या पुतण्याशी. अर्थात, प्रभूनं मनात घातलं होतं. पुतण्याचं नाव प्रकाश. लग्नात गुरुजी मांडवभर सांगत फिरत होते, "पोरगं हिरा हाय." लग्नानंतर ताई दिवाळीच्या सुमारास एकदा आली, नंतर आलीच नाही. फोनवर विचारलं की म्हणायची, "बरं हाय."

गेल्या वर्षी ती एका दुपारी एकटीच एसटीतून उतरली. हातात फक्त कापडी पिशवी. डावा हात खांद्याच्या वर जात नव्हता. प्रकाशने तो पिरगाळला होता, आणि त्यानंतर कित्येक दिवस तिला दवाखान्यात नेलं नव्हतं. तिचे केस सुटलेले होते, कारण एका हाताने वेणी घालता येत नाही. आईने काही विचारलं नाही. तिला पाटावर बसवलं, तेल लावलं, वेणी घातली. वेणी घालताना मला म्हणाली, "करुणे, उद्या कॉलेजला जाताना हिला दवाखान्यात घेऊन जा." तेव्हापासून रोज सकाळी आई आधी ताईची वेणी घालायची, मग खिचडी शिजवायला जायची.

गुरुजी दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी आले. ताईकडे बघितलं, हाताकडे बघितलं. "नवरा-बायकोत होतं थोडंफार," ते म्हणाले. "सोसणं हाच आपला क्रूस हाय, बाळ." गुरुजींना क्रूस हा शब्द फार आवडायचा. उचलायची पाळी मात्र नेहमी दुसऱ्याचीच असायची.

आई म्हणाली, "तिला न्हाई जायचं परत."

"असं कसं? लग्न मी लावलंय. पाहुण्यांत मला तोंड दाखवायचंय."

हे त्यांनी चुकून खरं सांगितलं. लगेच सावरून म्हणाले, "म्हणजे प्रभूला."

त्या गुरुवारी घरप्रार्थनेची पाळी आमच्याकडेच होती. सतरंज्या घातल्या, सगळी घरं आली. एक गीत झालं, वचन वाचून झालं. मग गुरुजी उभे राहिले. मी मुद्दाम डोळे मिटले नाहीत. ताई आईला चिकटून बसली होती.

"हे दयाळू बापा," गुरुजी म्हणाले, "या घरात तुझी एक लेक आपल्या धन्याला सोडून आलीय. तिचा हट्ट मोड. येत्या रविवारी प्रकाश तिला न्यायला येतोय, तिला मुकाट्यानं त्याच्यामागं जाऊ दे. तिच्या मामा-मामीला सुबुद्धी दे, त्यांनी देवानं जोडलेलं तोडू नये. आणि या घरातली जी लेक शहरात कॉलेज शिकते, तिच्या डोक्यात असलं वारं शिरू देऊ नको. आमेन."

प्रकाश रविवारी येतोय, हे आम्हाला असं कळलं. ज्यांच्या घरात हे ठरत होतं, त्यांनाच सर्वात शेवटी, तेही देवाच्या मार्फत.

"आमेन," सगळे म्हणाले. बाबाही म्हणाले. मला बाबांचा इतका राग कधीच आला नव्हता.

गुरुजी बसले नाहीत. "मार्थाबाई, तुमचं आमेन आलं न्हाई."

"न्हाई म्हटलं मी."

"कावून?"

"मला ते मागायचं न्हाई देवाला."

"मंडळीनं एकदिलानं केलेली प्रार्थना हाय ही. तिला आमेन न म्हणणं म्हणजे प्रभूला न्हाई म्हणणं."

"प्रभूला न्हवं, गुरुजी. तुमाला न्हाई म्हटलं," आई म्हणाली आणि उठली. "बसा, चहा आणते. आज भजी न्हाईत."

चहा सगळ्यांनी प्यायला. गुरुजींनीही प्यायला, बशीत ओतून, फुर्रर्र आवाज करत. मला वाटलं होतं ते रागाने निघून जातील. पण फुकटचा चहा सोडण्याइतका राग त्यांना कधी येत नसे.

रविवारी उपासना सुटली आणि आम्ही घरी येतो तोच जीप आली. प्रकाश आणि त्याच्याबरोबर दोन माणसं. गुरुजी जीपच्या पुढच्या सीटवरून उतरले, पांढऱ्या शर्टात, बायबल छातीशी धरून. म्हणजे उपासना सुटताच ते घाईघाईने वेशीवर जाऊन जीपमध्ये बसले होते. ताई स्वयंपाकघरात जाऊन भिंतीला पाठ लावून उभी राहिली. मी मोबाइलवर पोलीस ठाण्याचा नंबर काढून ठेवला.

"एस्तेर, पिशवी भर," गुरुजी अंगणातून ओरडले. "मंडळीनं मागितलं, प्रभूनं दिलं."

आई उंबऱ्यात बसली. बसली म्हणजे आडवी बसली, आत जायला जागाच ठेवली नाही. "मी मागितलं न्हाई. मी आमेन म्हटलं न्हाई. ती प्रार्थना या दाराला लागू न्हाई."

"तुमी बाईमाणूस. घरच्या धन्यानं म्हटलंय. काय रे विजय? म्हटलास का न्हाई आमेन?"

बाबांचे हात पाठीमागे गेले. सगळी गल्ली बघत होती. मंडळीतल्या बायकाही हातात गीतांची पुस्तकं घेऊन थांबल्या होत्या. बाबांनी "हो गुरुजी" म्हटलं असतं तर जीप ताईला घेऊन गेली असती, हे मला स्वच्छ दिसत होतं. आई बाबांच्या शब्दाबाहेर किती वेळ बसली असती, मला सांगता येत नाही.

"म्हटलं गुरुजी," बाबा म्हणाले.

"बघा!"

"पण सवयीनं म्हटलं. तुमी थांबला की आमी आमेन म्हणतो. लहानपणापासनं तसंच हाय. शाळेत तुमी 'समजलं का' म्हणायचात तवा आमी 'हो गुरुजी' म्हणायचो. आता समजायचं कुणाला?" बाबांनी खाली बघितलं. "तुमी काय मागता ते कुठं ऐकतो आमी. लई लांब असतं ते."

समोर आप्पांच्या दुकानातून पहिल्यांदा हसू फुटलं. मग चिंचेखालच्या बाई हसल्या, तोंडाला पदर लावून, आणि मग तो पदर काढून. त्या पुढे आल्या आणि आईशेजारी येऊन उंबऱ्याजवळ बसल्या. "मी बी तसंच म्हणते," त्या म्हणाल्या. "मला तर दर येळी वाटतं, कधी थांबतंय हे." आणखी दोघी-तिघी येऊन बसल्या. आमचं दार गच्च भरलं.

प्रकाश पुढे आला. आई बसल्या जागेवरूनच म्हणाली, "एस्तेर, बाळ, इकडं ये. हात वर कर." ताई आईच्या मागे येऊन उभी राहिली. तिने हात वर केला. खांद्यापर्यंत आला आणि थांबला. तिचा चेहरा दुखण्याने वाकडा झाला. "हा हात तू मोडलास," आई प्रकाशला म्हणाली. "बघून घे. पुढचं पाऊल टाकलंस तर करुणा ठाण्याला फोन लावती, आणि तो हात तिथं दाखवू."

प्रकाशने आईकडे बघितलं नाही, ताईकडेही नाही. तो काकावर उलटला. "काका, तुमी तर म्हटले सगळं ठरलंय, फकस्त जीप घेऊन ये. बेइज्जती करायला बोलावलं का मला?"

ड्रायव्हर म्हणाला, "निघायचं का थांबायचं? मला दुसरं भाडं हाय."

ते निघाले. गुरुजी अंगणातच राहिले, कारण जीपमध्ये त्यांना कुणी बसवून घेतलं नाही. त्यांनी बायबल दुसऱ्या हातात घेतलं आणि आईला म्हणाले, "प्रार्थना करतो मी तुमच्यासाठी." या वेळी कुणी घाबरलं नाही.

त्यांनी खरंच केली. कितीतरी रविवार "एका कठीण मनाच्या घरासाठी" प्रार्थना होत राहिली. पण काहीतरी बदललं होतं. ते थांबले की आमेन यायचं, पण आता ते म्हणण्याआधी लोक एकमेकांकडे बघायचे. गुरुजींना हे दिसत होतं, त्यांचे डोळे उघडेच असत. माणूस शहाणा असता तर थांबला असता. गुरुजींनी प्रार्थना आणखी लांबवली.

ताई आमच्याकडेच राहिली. केजच्या एका दवाखान्यात तिला मदतनिसाचं काम मिळालं. आम्ही दोघी एकाच एसटीने जातो. व्यायामाने हात बराच सुधारला. वेणी आता ती स्वतः घालते, पण कधी कधी मुद्दाम आईपुढे जाऊन बसते.

या वर्षी गुरुजींचे गुडघे गेले. पुण्याचा मुलगा त्यांना न्यायला आला. त्या रविवारी पाळकसाहेब आलेले होते. उपासनेच्या शेवटी ते म्हणाले, "आपले ज्येष्ठ बंधू आज जात आहेत. मंडळीतून कुणीतरी त्यांच्यासाठी प्रार्थना करावी."

कुणी उठेना. सगळे खाली बघू लागले. राग होताच, पण खरं कारण वेगळं होतं. इतकी वर्षं गुरुजींनी दुसऱ्या कुणाला मोठ्याने प्रार्थना करूच दिली नव्हती. आमच्या मंडळीत ते कुणाला येतच नव्हतं. बाबा बुटांकडे बघत होते. मी कॉलेजात शिकते म्हणून दोघी-तिघींनी माझ्याकडे बघितलं, पण माझ्या मनात जे येत होतं ते मंदिरात बोलण्यासारखं नव्हतं. गुरुजी पुढच्या खुर्चीवर बसून वाट बघत होते. मला ते बघून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग एस्तेरताई उठली. तिने उजव्या हाताने पदर सावरला. आवाज बारीक होता.

"प्रभू, गुरुजींचा प्रवास नीट होऊ दे. त्यांच्या गुडघ्याला आराम पडू दे. आमेन."

एवढंच. सगळ्यांचं आमेन एकदम आलं. बाबांचं जरा उशिरा आलं. मला वाटतं ते ऐकत होते.

बाहेर गाडी उभी होती. मुलाच्या खांद्यावर हात टाकून गुरुजी हळूहळू पायरी उतरले. ताईजवळ थांबले. मला वाटलं, आता तरी हा माणूस काहीतरी बोलेल. हाताबद्दल विचारेल, निदान नजर खाली करील.

"बरी केलीस," गुरुजी म्हणाले. "जरा लहान झाली. सुरुवातीला थोडी स्तुती पायजे असती."

आणि गाडीत बसले.

घरी येताना मी रागाने इतक्या भरभर चालत होते की ताई मागे पडली. मी थांबले आणि म्हटलं, "ताई, तू त्या माणसासाठी प्रार्थना कशी करू शकलीस? त्याला माफ केलंस का तू?"

ती चालत माझ्यापर्यंत आली. जरा विचार केला.

"त्यांचा गुडघा दुखतो, ते खरं हाय," ती म्हणाली. "दवाखान्यात रोज बघते मी तसले लोक. म्हणून गुडघ्यासाठी मागितलं. बाकीच्यासाठी अजून न्हाई मागितलं."